जमिनीकडून ऊब, जमिनीकडून गारवा

विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते आणि उन्हाळ्यात गार लागते, हे सांगायला पुस्तकाची गरज नाही. पौषातल्या पहाटे विहिरीवर आंघोळ करणारा माणूस पहिला तांब्या न कचरता अंगावर घेतो. तोच माणूस वैशाखातल्या दुपारी त्याच पाण्याने शहारतो. वर्गात याचे कारण विचारले, तर निम्मी मुले सांगतात की विहीर हिवाळ्यात तापते व उन्हाळ्यात निवते. वस्तुस्थिती तशी नाही. खोल विहिरीत तापमापक सोडून पाहिला, तर दोन्ही ऋतूंत पारा जवळजवळ एकाच रेषेवर उभा राहतो. बदलते ती बाहेरची हवा, आणि हवेशी तुलना करणारे आपले अंग.

जमिनीच्या या स्थिरपणाच्या बळावर थंड देशांत आज लाखो घरे हिवाळ्यात ऊब मिळवतात आणि उन्हाळ्यात थोडा गारवाही मिळवतात. या योजनेला भूतापीय उष्णता-पंप म्हणतात. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची मुलेमुली आज स्वीडन, जर्मनी, कॅनडा, अमेरिका अशा देशांत संसार थाटून आहेत. तिकडे घर घेताना ‘अंगणात बोअर मारून उष्णता-पंप बसवावा काय?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. आणि दर वर्षी येथला उन्हाळा सोसताना आपल्याही मनात येते, की जमिनीतला हा गारवा घरात का आणू नये? या दोन प्रश्नांची उत्तरे एकसारखी नाहीत. ती का वेगळी आहेत हे कळण्यासाठी आधी जमिनीचा आणि मग यंत्राचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

जमिनीचा स्वभाव

पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने १७८३ साली तेथे एक नाजूक तापमापक बसवला. वर शहरात बर्फ पडो वा ऊन तापो, खाली पारा १२ अंशांच्या आसपास स्थिर आढळे. (या लेखात सर्वत्र अंश सेल्सिअस समजावेत.) पुढे १८३७ साली एडिंबरा येथे फोर्ब्स या प्राध्यापकांनी जमिनीत ३, ६, १२ आणि २४ फ्रेंच फूट खोलीवर लांब दांड्यांचे तापमापक पुरले व त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या. त्यांवरून असे दिसले की, जसजसे खोल जावे तसतसा ऋतूंचा चढउतार मंदावत जातो आणि तो उशिराही पोचतो. सर्वांत खालच्या, म्हणजे सुमारे पावणेआठ मीटरवरच्या तापमापकात वर्षातली सर्वाधिक ऊब दिसे ती जानेवारीत! उन्हाळ्याची ऊब तिथवर उतरायला जवळजवळ अर्धे वर्ष लागत असे.

साधारण १० ते १५ मीटरांखाली ऋतू उरतच नाहीत. तेथील तापमान त्या गावच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीइतके किंवा त्याहून थोडे अधिक असते. स्टॉकहोमजवळ ते ७-८ अंश असते. हैदराबादसारख्या गावी २७-२८ अंशांच्या आसपास. हे दोन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढचा सारा विचार त्यांच्यावर उभा आहे.

भूतापीय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडे येतात. तेथे पृथ्वीच्या पोटातील आच फटींतून वर येते. घरगुती उष्णता-पंपाचा त्या आचेशी फारसा संबंध नाही. पृथ्वीच्या पोटातून वर झिरपणारी उष्णता सर्वसाधारण जमिनीत दर चौरस मीटरला सरासरी अवघी ०.०६ वॉट इतकी असते. एक लहानसा विजेचा दिवा लावायलाही शेकडो चौरस मीटर जमीन लागावी, इतकी ती अल्प आहे. अंगणाखालच्या खडकात जी ऊब असते ती मुख्यतः वर्षानुवर्षांच्या उन्हाने साठलेली आहे. म्हणून जमीन हा आटणार नाही असा झरा समजू नये. ती एक मोठी कोठी आहे. कोठीतून काढता येते, कोठीत भरताही येते. पण हिशेब ठेवावा लागतो.

पंप कसला आणि कशाचा?

पाणी आपणहून उतारावरून खाली वाहते. वर चढवायचे तर पंप लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. ती आपणहून उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. उलट दिशेने न्यायची तर यंत्र आणि इंधन खर्ची घालावे लागते. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिज हेच काम करतो. आतल्या भाजीपाल्याची उष्णता उपसून तो पाठीमागच्या जाळीतून खोलीत सोडतो. म्हणून ती जाळी हाताला गरम लागते. फ्रिजच्या आतल्या कप्प्याच्या जागी अंगणाची जमीन आणि पाठीमागच्या जाळीच्या जागी घरातील गरम पाण्याच्या नळ्या कल्पाव्यात, म्हणजे उष्णता-पंप समजला.

यंत्राच्या पोटात एक असे द्रव्य फिरत असते की जे फार कमी तापमानाला उकळते. उदाहरणार्थ, प्रोपेन वायू साध्या हवेच्या दाबाखाली उणे ४२ अंशांनाच उकळतो. त्यामुळे आपल्याला थंडगार वाटणारी जमीनसुद्धा त्याच्या दृष्टीने चूलच ठरते. जमिनीतून फिरून आलेले पाणी या द्रव्याला उष्णता देते आणि त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलचा पंप दाबताना नळी जशी तापते, तशी दाबलेली वाफ तापते. ती तापलेली वाफ घरातल्या पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते, एका बारीक झडपेतून तिचा दाब उतरतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. उन्हाळ्यात हाच फेरा उलटा चालवता येतो. मग घरातली उष्णता उपसून जमिनीत सोडली जाते.

यात लाभ कोणता? विजेच्या शेगडीत एक युनिट वीज जाळली तर एक युनिट उष्णता मिळते, अधिक कधीच नाही. उष्णता-पंपात वीज उष्णता निर्माण करण्यापेक्षा ती वाहून नेण्याच्या कामी येते. म्हणून एका युनिट विजेत घराला तीन ते चार युनिट उष्णता मिळू शकते. बाकीची दोन-तीन युनिटे जमिनीने दिलेली असतात. मात्र चढ जितका उंच तितके श्रम अधिक. जमिनीकडून येणारे पाणी ० अंशांवर आणि घरात फिरणारे पाणी ३५ अंशांवर असेल, तर कार्नोच्या सिद्धान्ताप्रमाणे आदर्श यंत्र एका युनिटात पावणेनऊ युनिटे देईल; प्रत्यक्षात त्याच्या निम्मी, म्हणजे चारच्या वर मिळतात. घरात ५५ अंशांचे पाणी लागत असेल, तर आदर्श आकडा सहावर उतरतो आणि प्रत्यक्षातला तीनवर. फरशीखाली नळ्यांचे वेटोळे घालून कोमट पाण्याने सारी फरशीच उबदार ठेवण्याची पद्धत अशा घरांत लोकप्रिय झाली ती याच कारणाने.

ही कल्पना आजची नाही. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम टॉमसन यांनी १८५२ साली अशा यंत्राने इमारती गरम वा थंड करता येतील असे मांडले. स्वित्झर्लंडमधील हाइन्रिख झोएली या अभियंत्यांनी १९१२ साली जमिनीतून उष्णता घेण्याच्या योजनेचे पेटंट मिळवले. १९३८ साली झ्यूरिक शहराच्या सभागृहात लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. १९४८ साली अमेरिकेत पोर्टलंड येथे एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत विहिरीच्या पाण्यावर असाच पंप चालू झाला. तरीही तेल स्वस्त असेतोवर घरोघरी त्याची कोणाला गरज वाटली नाही. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, आणि तेव्हा स्वीडनसारख्या थंड व तेलहीन देशाने जमिनीकडे नजर वळवली.

स्वीडनमधील एक घर

काम कसे चालते हे पाहण्यासाठी स्वीडनमधील एक मध्यम घर घेऊ. पुढील आकडे उदाहरणापुरते आहेत. पण अशा घराला शोभतील असेच आहेत.

पहिले काम जमिनीवरचे आहे, आणि पुष्कळ लोक तेच टाळतात. कडाक्याच्या थंडीत घरातून दर तासाला किती उष्णता बाहेर पळते, हे खोलीवार मोजावे लागते. खिडक्यांच्या फटी, माळा, भिंतींचे अस्तर हे सर्व त्यात येते. गळक्या हौदाला मोठा पंप जोडणे हे जसे शहाणपणाचे नव्हे, तसेच गळक्या घराला मोठा बोअर मारणेही नव्हे. आधी फटी बुजवाव्यात, मग मोजमाप करावे. आपल्या उदाहरणातील घराला कडक थंडीत ८ किलोवॉट उष्णता लागते असे धरू. यंत्र एका युनिटात चार युनिटे देत असेल, तर त्यातले ६ किलोवॉट जमिनीने द्यायचे आणि २ किलोवॉट विजेने. कठीण खडकातल्या बोअरमधून दर मीटरला सुमारे ४० वॉट घेता येतात असे मानले, तर १५० मीटर खोल बोअर लागेल. स्वीडनमध्ये घरगुती बोअर १०० ते २५० मीटर खोल असतात. वर्षातले अगदी मोजके कडाक्याचे दिवस निभावण्यासाठी यंत्रात विजेची एक लहान कांबही ठेवलेली असते. त्यामुळे थोड्या दिवसांसाठी मोठे यंत्र घेण्याची गरज राहत नाही.

दुसरे काम परवानगीचे आणि शेजाऱ्याचे. नगरपालिकेला आधी कळवावे लागते, आणि बोअर मारणाऱ्याने बोअरची माहिती सरकारी भूगर्भ खात्याला द्यावी लागते. शेजारच्या बोअरपासून निदान २० मीटर अंतर असावे, असा तेथला संकेत आहे. याचे कारण उघड आहे. दोन बोअर जवळजवळ असले तर दोघेही एकाच कोठीतून उपसू लागतात. जागा लहान असेल, तर बोअर थोडा तिरपा मारतात, म्हणजे वर जवळ असलेल्या दोन विहिरी खाली एकमेकींपासून दूर जातात.

तिसरे काम बोअरचे. आपल्या दख्खनच्या खेड्यापाड्यांत बोअरची गाडी येते, दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा खडक फोडत खाली जातो आणि पांढरट भुकटी वर उडते, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. स्वीडनमध्येही रीत हीच. वरच्या मातीच्या थरात लोखंडी केसिंग घालतात. ते निदान ६ मीटर असावे आणि त्यातले २ मीटर तरी पक्क्या खडकात रुतलेले असावे, म्हणजे वरचे घाण पाणी खालच्या चांगल्या पाण्यात उतरत नाही. छिद्राचा व्यास सुमारे ११५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम साडेचार इंच.

चौथे काम नळीचे. ४० मिलिमीटर जाडीची पॉलिथिलीनची नळी खाली जाऊन वळून वर येते. तळचा वळसा कारखान्यातच वितळवून जोडलेला असतो. खाली पुरला जाईल तेथे स्क्रूचा सांधा चालत नाही. नळीला वजन बांधून ती खाली सोडतात. सोडण्यापूर्वी एकदा आणि सोडल्यावर पुन्हा एकदा दाब देऊन ती गळत नाही याची खात्री करतात. मग तीत पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण भरतात, कारण नुसते पाणी हिवाळ्यात गोठेल. आतली हवा पूर्णपणे काढून टाकणेही महत्त्वाचे आहे. हवेचा बुडबुडा अडकला तर प्रवाह मंदावतो आणि पंप उगाच धापा टाकतो.

पाचवे काम घरातले. यंत्र एका उभ्या कपाटाएवढे असते; त्यातच आंघोळीच्या गरम पाण्याची टाकी बसवलेली असते. अंगणातून घरापर्यंतची नळी चरातून आणून तिला अस्तर देतात. शेवटी एक कागद तयार करावा: बोअर घराच्या कोणत्या दोन कोपऱ्यांपासून किती अंतरावर आहे, किती खोल आहे, खडक कोठे लागला, पाणी कोठे लागले, आत कोणते मिश्रण भरले. वीस वर्षांनी नवा मालक अंगणात झाड लावायला खणू लागेल, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो. कॉम्प्रेसर पंधरा-वीस वर्षांत थकतो आणि बदलता येतो. खालची नळी मात्र पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक टिकावी अशी अपेक्षा असते. ती सहसा पुन्हा काढून पाहता येत नाही. म्हणून जे काम झाकले जाणार, ते झाकण्यापूर्वी स्वतः उभे राहून पाहावे.

ज्यांच्याजवळ मोठे अंगण आहे ते खोल बोअर न मारता एक-दीड मीटर खोल चरांतून शेकडो मीटर नळी आडवी पुरतात. खर्च कमी येतो, पण जागा पुष्कळ लागते आणि त्या जागेवर पुढे इमारत किंवा फरसबंदी करता येत नाही; कारण वरून पडणारे ऊन व पाऊस हीच त्या नळीची शिदोरी.

कोठीचा हिशेब

आता आपल्या उदाहरणातील घराचा वर्षाचा जमाखर्च पाहू. त्याला वर्षभरात २०,००० युनिट उष्णता लागते असे धरू. वर्षाची सरासरी साडेतीन पडली, तर वीज लागेल सुमारे ५,७०० युनिट. बाकीची १४,३०० युनिटे जमिनीतून येतील. पृथ्वीच्या पोटातून झिरपणाऱ्या उष्णतेवरच ही भरपाई करायची म्हटले, तर सुमारे पावणेसात एकर जमीन लागेल. घराभोवती तर जेमतेम काही गुंठे. मग पुरते कसे? भोवतालचा खडक थोडा थोडा निवतो, त्याच्याकडे दुरून आणि वरून ऊब सरकत येते, आणि पहिल्या काही वर्षांत काही अंशांनी उतरलेले तापमान पुढे जवळजवळ स्थिरावते. एकटे घर असेल तर हे जमते. गल्लीतल्या प्रत्येक घराने बोअर मारला, तर ऊब सरकत येणार कोठून? तेव्हा बोअर अधिक खोल तरी घ्यावे लागतात, किंवा उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत परत भरावी लागते. स्वीडनचा उन्हाळा सौम्य असतो. तेव्हा कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसते जमिनीतले थंड पाणी घरात फिरवले तरी गारवा मिळतो. त्यात घरही निवते आणि कोठीही भरते. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच.

श्टाउफेनचा धडा

जमिनीला न विचारता तिच्यात हात घातला तर काय होते, याचे उदाहरण जर्मनीच्या दक्षिण भागातील श्टाउफेन या जुन्या गावी घडले. २००७ साली तेथल्या नगरभवनाला ऊब देण्यासाठी सुमारे १४० मीटर खोल सात बोअर मारण्यात आले. खाली अनहायड्राइट नावाच्या खनिजाचा थर होता. बोअरच्या वाटेने भूजल त्या थरात शिरले. पाणी शोषून अनहायड्राइटचे जिप्सम होते आणि जिप्सम होताना ते फुगते. आकारमान निम्म्याहून अधिक वाढते. गावाखालची जमीन हळूहळू वर येऊ लागली. काही महिन्यांत भिंतींना तडे दिसू लागले, आणि पुढे अडीचशेहून अधिक इमारतींना इजा पोचली; काही ठिकाणी जमीन वर्षानुवर्षांत अर्ध्या मीटरच्या आसपास उचलली गेली. बोअर पुन्हा बुजवून आणि पाणी उपसून ती गती मंदावावी लागली. बोअर फक्त साडेचार-पाच इंच रुंद; पण त्याने दोन थरांमधली निसर्गाची भिंत फोडली होती.

म्हणूनच ज्या भागात पाण्याचे अनेक थर असतात तेथे नळी उतरवल्यावर भोवतालची पोकळी बेंटोनाइट माती व सिमेंट यांच्या लगद्याने तळापासून वरपर्यंत भरून काढतात. हे काम वरून लगदा ओतून होत नाही. तळापर्यंत वेगळी नळी सोडून खालून वर भरत यावे लागते, नाहीतर मध्ये पोकळ्या राहतात.

आपल्याकडे काय करावे?

आता आपल्या गावांकडे वळू. जमिनीचा गारवा आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. उत्तर हिंदुस्थानातील जुन्या हवेल्यांत उन्हाळ्याची दुपार तहखान्यात काढीत. गुजरातेत अडालजची १४९९ सालची वाव अजून पाहायला मिळते, तिच्या पायऱ्या उतरू लागावे तसतसा गारवा अंगाला भिडत जातो. त्यांनी घर जमिनीत नेले. उष्णता-पंप जमिनीचा गारवा घरात आणू पाहतो.

पहिल्या दृष्टीला हिशेब फार आकर्षक दिसतो. खोली २६ अंशांवर ठेवायची आहे आणि बाहेर ४२ अंशांची दुपार आहे. साधा एअरकंडिशनर खोलीतील उष्णता त्या तापलेल्या हवेत टाकतो, म्हणजे १६ अंशांचा चढ चढतो. जमीन २८ अंशांची असेल, तर चढ उरतो अवघा २ अंशांचा. नळ्यांच्या भिंतींतून उष्णता जाण्यासाठी आणखी काही अंश हिशेबात धरावे लागतात, तरीही बचत खरी आहे. पण रात्री आणि पावसाळ्यात बाहेरची हवाही जमिनीइतकीच किंवा तिच्याहून थंड असते. त्या वेळी जमिनीचा विशेष लाभ उरत नाही.

खरी अडचण पुढे आहे. स्वीडनमध्ये हिवाळ्यात काढायचे आणि उन्हाळ्यात काही परत भरायचे, अशी देवघेव होऊ शकते. आपल्याकडे घराला ऊब देण्याची गरज जवळजवळ नाहीच. म्हणजे वर्षानुवर्षे उष्णता जमिनीत फक्त टाकायची, काढायची कधीच नाही. एखाद्या वसाहतीत दर ६ मीटरवर एक, असे १५० मीटर खोल बोअर मारले, असे समजा. प्रत्येक बोअरच्या वाट्याला ५,४०० घनमीटर खडक येईल. एक घनमीटर खडक एक अंशाने तापवायला सुमारे ०.६ युनिट उष्णता लागते. म्हणजे सारा वाटा एक अंशाने तापायला सुमारे ३,२०० युनिटे. दोन टनांचे यंत्र उन्हाळ्याचे १२० दिवस रोज ८ तास चालले, तर कॉम्प्रेसरची उष्णता धरून सुमारे ८,४०० युनिटे जमिनीत जातील. मधल्या बोअरभोवतीचा खडक त्यामुळे वर्षाला अडीच अंशांहून अधिक तापेल. पाच वर्षांत तेरा अंश. अठ्ठावीस आणि तेरा एकेचाळीस! ज्या वैशाखाच्या उन्हापासून पळून जमिनीचा आसरा घेतला, तोच वैशाख जमिनीखाली तयार होईल. कडेच्या बोअरांची काही उष्णता बाहेर सरकेल, त्यामुळे वर्षे थोडी वाढतील. दिशा बदलणार नाही. आणि एकदा तापलेला खडक निवायला तितकीच वर्षे घेईल.

दुसरी अडचण पाण्याची. स्वीडनमध्ये बोअर बहुधा वरपर्यंत पाण्याने भरलेला असतो आणि ते पाणी नळी व खडक यांच्यामध्ये उष्णता पोचवते. दख्खनच्या कठीण खडकात उन्हाळ्यात पाण्याची पातळी खोल जाते. जेव्हा गारव्याची गरज सर्वाधिक, नेमकी तेव्हाच नळीभोवती पाण्याऐवजी हवा उरते, आणि हवा ही उष्णतेची वाहक नव्हे, तर अडथळा आहे. म्हणून येथे बोअर लगद्याने भरून घेणे टाळता येणार नाही. शिवाय त्याच फटींतील पाण्यावर शेजारच्या दहा घरांचे पिण्याचे बोअर चालत असतात. आपल्या गारव्यासाठी मारलेला उघडा बोअर वरचे सांडपाणी खाली नेणारा ठरला, तर तो गारवा कोणालाच परवडणारा नाही.

यावरून आपल्याकडे ही योजना सर्वथा त्याज्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. जेथे देवघेव जमते तेथे ती अवश्य करावी. ज्या रुग्णालयाला वा वसतिगृहाला बारमाही गरम पाणी लागते, तेथे जमिनीत गेलेली उष्णता आंघोळीच्या आणि धुलाईच्या पाण्यासाठी पुन्हा काढून घेता येते. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच थंड असतात; त्या थंड हवेत नळीतील पाणी फिरवून उन्हाळ्याच्या आधी खडक निववून ठेवता येतो. काश्मीर व लडाख येथे तर ऊब हीच मुख्य गरज आहे. बाकी मैदानी मुलखातील साध्या घराने आधी आपले छप्पर पांढरे करावे, पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणावी, वाऱ्याला वाट ठेवावी. एवढे केल्यावर जी गरज उरेल तिच्यासाठी बोअरचा खर्च परवडतो की काय, ते मग पाहावे.

घर येथे असो वा परदेशी, पंप विकायला येणाऱ्याला मालकाने चार प्रश्न विचारावेत. माझ्या घराची गरज खोलीवार मोजली काय? माझ्या जमिनीखाली कोणते थर आहेत आणि पाणी कोठे आहे? वर्षाकाठी जमिनीतून किती काढणार आणि तिला किती परत देणार? शेजाऱ्याचा बोअर किती दूर आहे? ज्याच्याजवळ या चारांची लेखी उत्तरे आहेत, त्याच्याशी भावाची बोलणी करावीत. ज्याच्याजवळ फक्त यंत्राचे रंगीत चित्र आहे, त्याला आदराने चहा पाजून निरोप द्यावा. यंत्र चुकले तर बदलता येते. जमिनीला पाडलेले भोक बदलता येत नाही, आणि जमीन एकट्या आपल्या कुंपणापुरती कधीच नसते.